कशावरून, आबा?

माझ्या एका प्रश्नामुळे एका माणसाच्या हातातला हातोडा गेला. प्रश्न चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. चुकली ती विचारण्याची जागा. त्या जागेची ही आठवण, आणि त्या वर्षाची, ज्या वर्षी मी शिरूरच्या महाविद्यालयात पहिल्यांदा तत्त्वज्ञान शिकवले.

मी खरे तर कवितेची. ओळ डोळ्यांनी वाचण्याआधी कानाने तोलायची, ही माझी शिकवण. पदवीला तत्त्वज्ञान दुय्यम विषय म्हणून घेतले होते, तेवढ्या आधारावर प्राचार्यांनी मला बोलावून घेतले. "प्रथम वर्षाला तत्त्वज्ञानाचा परिचय असा पेपर सुरू करतोय. शिकवायला माणूस नाही. तुम्ही कविता शिकवता, म्हणजे त्यातलंच झालं की." मला हसू आले आणि मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण शोधावे लागते, आणि त्या वयात मला ते कधी सापडत नसे.

बहात्तरचा दुष्काळ ओसरून दोन वर्षे झाली होती. यजमानांची नोकरी दौंडला, त्यामुळे बिऱ्हाड तिथे आणि माझी नोकरी शिरूरला. सकाळच्या पहिल्या एसटीने पाटस, चौफुला, न्हावरे करत मी शिरूरला, घोडनदीच्या पुलापर्यंत पोचत असे. गाडीत डिझेलचा, ओल्या कोथिंबिरीच्या जुड्यांचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास एकमेकांत मिसळलेला असे. हिवाळ्यात वाटेवरची गुऱ्हाळे पेटली की खिडकीतून उकळत्या रसाची गरम, जड गोडी आत यायची आणि पेंगणारी माणसे डोळे न उघडताच जिभेने ओठ चाटायची.

माझ्या शेजारी बहुतेकदा माझीच एक विद्यार्थिनी बसे. घट्ट वेण्या, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, आणि बोलण्याआधी एक क्षण थांबायची सवय. पहिल्याच दिवशी मी वडिलांविषयी विचारले, तेव्हा एखादीने वडील डॉक्टर आहेत असे सांगावे तशा सुरात ती म्हणाली, "आबा आगगाडीची चाकं वाजवून बघतात." दौंडला गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन तिचे वडील डब्याडब्यापाशी जात, प्रत्येक चाकावर एक ठोका मारत आणि आवाजावरून चाक धड आहे की त्याला चीर गेली आहे हे ओळखत. चाक बद्द वाजले तर खडूने फुली. फुली पडलेला डबा पुढे जात नसे. हे काम ते ऐन तारुण्यापासून करत आले होते, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

वर्गात अकरा जण होते. पहिल्या तासाला मी विचारले, "तत्त्वज्ञान म्हणजे काय?"

"कीर्तन, बाई."

"मेल्यावर काय व्हतं, ते."

पाबळकडून येणारा, कांद्याची शेती असलेल्या घरातला एक उंच मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "आमचे चुलते म्हणत्यात, ह्यो म्हातारपणाचा विषय हाय. आत्ताच उरकला तर म्हातारपणी करायचं काय?"

वर्ग हसला. मी फळ्यावर एकच शब्द लिहिला: कशावरून. म्हणाले, "वर्षभर एवढंच करायचं. कुणी काहीही ठामपणे सांगितलं की हे विचारायचं. मी सांगितलं तरी विचारायचं. आणि उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही एकदा विचारायचं."

पुस्तकाच्या प्रती यायच्या होत्या, म्हणून आम्ही हाताशी असलेल्या गोष्टींवर सुरुवात केली. एसटी उद्या येईल का? येईल. कशावरून? आज आली, काल आली, परवा आली. मग कालचा दिवस उद्याविषयी साक्ष कशी देतो? या प्रश्नावर दोन तास गेले. तिसऱ्या दिवशी न्हावऱ्याच्या अलीकडे एसटीचे चाक बसले आणि मी वर्गात पोचले तेव्हा तास संपत आला होता. फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलेले होते: "बाई रोज येतात. म्हणून बाई आज येतील." आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरात: "कशावरून?" मागच्या बाकावर उंच मुलगा अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसला होता. मी खडू घेऊन त्याच्या वाक्याला दहापैकी दहा दिले. इतक्या सुखाने मी क्वचितच कुणाला गुण दिले असतील.

मग आम्ही ज्ञानाकडे आलो. एखादी गोष्ट आपल्याला वाटते आणि एखादी गोष्ट आपल्याला कळते, यांत फरक काय? बाजारच्या दिवशी मी कुंभाराकडून दोन मडकी मागून आणली आणि टेबलावर ठेवली. एकाला बारीक चीर होती, डोळ्यांना न दिसणारी. मुलींनी न सांगताच बोटाच्या पेरांनी दोन्ही वाजवली. एक मडके स्वच्छ, लांबवर बोलले. दुसरे बोलता बोलता गप्प झाले.

"हे फुटकं हाय," चौघी एकदम म्हणाल्या.

"दिसतंय का?"

"न्हाई. पर हाय."

न दिसणारे कसे कळले, यावर वाद रंगला. तेव्हा माझ्या शेजारी बसून येणारी ती मुलगी एक क्षण थांबून म्हणाली, "आबा तर हेच करतात. दिवसभर." आणि वर्गाने ठरवले की दौंडला जाऊन हे प्रत्यक्ष पाहायचे.

शनिवारी दुपारी सारा वर्ग दौंडला आला. डबे तपासणाऱ्या विभागाच्या साहेबांनी, रुळांत उतरायचे नाही या अटीवर, कडेच्या खडीवरून पाहायची परवानगी दिली होती. पुण्याहून आलेली मनमाडकडची गाडी उभी होती. दौंडला या गाडीचे इंजिन एका टोकाचे सुटून दुसऱ्या टोकाला लागते आणि गाडी आल्या तोंडाने परत निघाल्यासारखी निघते. उंच मुलाने हे पहिल्यांदाच पाहिले. "म्हंजी पुढचा डबा मागचा झाला? आन् डब्याला ह्याचा पत्ताच न्हाई?" त्यावर आणखी एक तास सहज घेता आला असता.

आबा आले. बुटके, रुंद खांद्यांचे, निळ्या कपड्यांवर तेलाचे जुने डाग. हवेत दगडी कोळशाचा धूर, तापलेल्या वंगणाचा वास, आणि वाफेची ओलसर ऊब. त्यांनी मुलांकडे पाहून मान हलवली आणि कामाला लागले. टण्ण. दोन पावले. टण्ण. हातोडा उचलण्यात जोर नव्हता, दारावर थाप मारून घरात कुणी आहे का हे विचारावे तसा तो ठोका होता. चौथ्या डब्यापाशी ते थांबले. पुन्हा ठोकले. चाकावर खडूची फुली पडली. साहेब वाकून बघून म्हणाले, "बरोबर. चाकावरचा लोखंडी पट्टा ढिला आहे." आम्हां कुणालाच आवाजातला फरक कळला नव्हता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने मात्र वाजवल्या नाहीत. ती वडिलांच्या पाठीकडे एकटक पाहत होती. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

सहाव्या डब्यापाशी इंजिनाने शिटी दिली. ती शिटी आजही माझ्या दातांत आहे. लांब, कर्कश, तिच्या आत दुसरा कोणताही आवाज जगणे शक्य नव्हते. आमच्यातल्या निम्म्यांनी कानांवर हात ठेवले. आणि त्या शिटीच्या ऐन मध्यावर आबांनी ठोका मारला, मान हलवली आणि पुढच्या चाकाकडे गेले.

मी कवितेची. कान माझे. आणि वर्गात रोज शिकवलेला शब्द ओठांवर तयार होता. शिटी संपताच, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या माझ्या आवाजात मी विचारले, "आबा, एवढ्या शिटीत तुम्हाला ठोका ऐकू कसा आला? चाक ठीक आहे हे कशावरून?"

आबा चालतच राहिले.

मुलीने माझ्याकडे पाहिले. दोन डबे अलीकडे उभ्या असलेल्या साहेबांनी हातातल्या कागदावरून मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. तिने पुढे होऊन वडिलांच्या बाहीला हात लावला, तेव्हा ते वळले.

"बाई विचारतात, शिटीत कसं कळलं," ती त्यांच्या तोंडासमोर, प्रत्येक शब्द वेगळा करत म्हणाली.

ते जवळ आले आणि त्यांनी हातोडा माझ्या हातात दिला. "सैल धरा. घट्ट न्हाई. आता हाना." मी समोरच्या चाकावर ठोका मारला. हातोडा उसळून परत आला, जिवंत, मनगटात एक बारीक झिणझिणी सोडून. त्यांनी मला फुली मारलेल्या चाकापाशी नेले. ठोका मारला आणि हातोडा तिथेच बसला. जणू चाकाने तो गिळला. दांड्यात काहीच परत आले नाही.

"कळलं?" आबांनी विचारले. "हात सांगतो."

सारा वर्ग खूश होता. परतीच्या एसटीत हात जास्त खरा की कान, यावर मुलांचे भांडण जुंपले असेल. मी दौंडलाच राहिले होते, आणि घरी जाताना मला कळून चुकले होते की मी काय करून बसले. चाके ठोकणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही. हे त्याच्या मुलीला ठाऊक होते. आणि मी ते त्याच्या साहेबांसमोर, मोठ्याने, कौतुकाच्या सुरात जाहीर केले होते.

पुढचा आठवडाभर एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.

रविवारी सकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. एक खोली, एक स्वयंपाकघर, दारात तुळशीऐवजी गुलबक्षीची रांग. बाप आणि मुलगी नुकतेच विहारातून आले होते. पांढऱ्या साडीतली ती मला एकदम मोठी वाटली. आबांचा यार्डातला जोडीदार, पस्तिशीचा गृहस्थ, आधीच येऊन बसला होता. मुलीच्या आईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला तो जरा आदळूनच.

"तुमच्या त्या विषयानं घर खाल्लं, बाई," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं कुणी इचारलं न्हाई."

मी म्हणाले की मला क्षमा करा, मी साहेबांना भेटून सांगते की तो नुसता वर्गातला प्रश्न होता.

"सायबाला काय ऐकू गेलं न्हाई," जोडीदार म्हणाला. "मी काढलं त्याच्याकडनं हळूच. आन् मी हाय की संगं. दोन वर्सं म्हंजी काय? आबा हानतील, मी ऐकीन. मेडिकलला गेले तर अनफिट करत्याल. मग कुठं धाडत्याल कुणाला ठावं? क्वाटर जायाचं, पोरीचं कालेज जायाचं. कशाला खूळ?"

आबा आमच्या ओठांकडे पाहत होते. मग म्हणाले, "डावा कान कवाच गेला, बाई. उजवा गेल्या दिवाळीपासनं. पर हातानं कळतंय तवर काय बिघडतंय, असं मी धरून चाललो." ते हसले, आणि मुलीकडे बोट केले. "मग हिनं इचारलं."

"काय विचारलंस?" मी म्हणाले.

ती एक क्षण थांबली. "तुमचाच प्रश्न. पुढचा. हात चुकत नाही, हे कशावरून?"

बाहेर शंटिंगचे डबे एकमेकांना लागत गेल्याचा आवाज रांगेने आला आणि विरला.

"मला उत्तर न्हाई आलं," आबा म्हणाले. "तिकडं विहारात मीच पोरांना सांगतो, कुणी म्हणलं म्हणून मानू नका, पारखून घ्या. आन् माझाच हात मी पारखला न्हाई. आता पारखायचा."

तसेच उठून आम्ही सगळी यार्डात गेलो. तिथे एका कडेला चाकांच्या जोड्या ठेवलेल्या असत. काही दुरुस्त होऊन आलेल्या, काही मोडीत काढलेल्या, पण गंजाने साऱ्या सारख्याच दिसणाऱ्या. जोडीदाराने आधी एकट्याने त्यांतली वीस चाके वाजवून कागदावर टिपून घेतली. कुरकुरत, पण नीट. मग आबांनी उरलासुरला आवाजही नको म्हणून दोन्ही कानांत कापूस घातला आणि पहिल्या चाकापाशी उभे राहिले. मुलगी दुसरा कागद घेऊन त्यांच्या मागोमाग. मी आणि मुलीची आई जरा दूर, लोखंडाच्या तापू लागलेल्या वासात उभ्या होतो.

माणूस हाताने ऐकतो ते मी त्या सकाळी पाहिले. ठोका मारला की त्यांचे डोळे मिटत, आणि दांड्यावरची बोटे किंचित उघडत, पाखरू धरल्यासारखी. "चांगलं." पुढे. "चांगलं." पुढे. "बाद." एकदाही घाई नव्हती. विसाव्या चाकानंतर त्यांनी कापूस काढला आणि हातोडा जमिनीला टेकवून उभे राहिले.

मुलीने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. तिचे बोट ओळींवरून खाली खाली येत गेले. अकराव्या ओळीवर थांबले. मग शेवटपर्यंत गेले आणि परत अकरावर आले.

"एकोणीस जुळली," ती म्हणाली.

"मंग! म्हणलं न्हवतं मी?" जोडीदाराने मांडीवर थाप मारली. "एवढं तर मला कानानंबी जमायचं न्हाई!"

"अकरावं?" आबांनी विचारले.

"तुम्ही चांगलं म्हणालात. यांनी बाद लिहिलंय."

आबा अकराव्या चाकापाशी गेले. त्यांनी पुन्हा ठोका मारला. एकदा, दोनदा, तीनदा. मीही ऐकले, चिरलेल्या मडक्यासारखे ते बोलता बोलता गप्प होत होते. त्यांनी बोटे चाकाच्या कडेवरून फिरवली आणि ती एका ठिकाणी थांबली. केसाएवढी चीर.

"आबा, येकच की," जोडीदार आता हळू आवाजात म्हणाला. "ईसात येक. कुणाचंबी चुकतं. माझं न्हाई चुकत का?"

त्यांनी त्याचे ओठ वाचले. मग चाकावर तळहात ठेवून म्हणाले, "तुझा हात चुकला तर कान तुला सांगंल तरी. मला कळलं न्हाई. मी चांगलं म्हणलो आन् फुडं गेलो." आणि क्षणभराने, "मागं शंभर माणूस बसलेलं असतंय."

मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला. मला वाटले, त्या आता मला काही बोलतील. पण त्या नवऱ्याजवळ गेल्या, त्यांच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि म्हणाल्या, "चला. जेवून घ्या. उद्या जायाचंच हाय सायबाकडं, तर पोटभर जेवून जावा."

सोमवारी सकाळी एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर डबा. चौफुल्याला ती म्हणाली, "बाई, मी प्रश्न विचारला नसता तर?"

मी तिला धीर देणारे काही बोलू शकले असते. पण ती माझी विद्यार्थिनी होती. "तर अकराव्या चाकाला हात चुकतो, हे कुणाला कळलं नसतं," मी म्हणाले. "पण माझा प्रश्न मी खडीवर, सर्वांसमोर विचारायला नको होता. तू घरात विचारलास. तुझा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला होता."

तिने खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाली, "पहिला तुमचाच होता."

मेडिकल झाली. आबा त्या कामाला अपात्र ठरले. पुढचे काम ठरेपर्यंतचे दिवस वाईट गेले. त्या घरात चहा मिळे, पण बोलणे मिळत नसे. दौंडबाहेर पाठवले तर मुलीचे शिक्षण तिथेच थांबणार, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी उच्चारत नव्हते. वर्गात त्या दिवसांत उंच मुलाने एकदाही थट्टा केली नाही. एकदा मात्र तास संपल्यावर तो तिच्या बाकापाशी जाऊन म्हणाला, "तुझ्या आबांनी आम्हाला जे शिकवलं, ते आमच्या चुलत्याला म्हातारपणीबी यायचं न्हाई." तिला हसू आले. त्या महिन्यातले तिचे पहिले.

अखेर आबांना दौंडच्याच दिव्यांच्या खोलीत काम मिळाले. सिग्नलचे दिवे पुसायचे, वाती कापायच्या, तेल भरायचे. क्वार्टर राहिले, कॉलेज राहिले. मुलीने वर्ष पुरे केले, आणि त्यानंतरची वर्षेही. मी तो विषय शिकवत राहिले. फळ्यावर पहिल्या दिवशी तोच शब्द लिहीत राहिले. एवढेच की हातोडा कुठे सैल धरायचा, हे मला आता ठाऊक होते.

एका दुपारी पुण्याला जायला म्हणून मी फलाटावर होते. दिव्यांच्या खोलीच्या दारात आबा बसले होते, मांडीवर एक लाल काच, फडक्याने गोल गोल पुसत. रॉकेलचा वास उन्हात पातळ झाला होता. समोर गाडी उभी होती आणि त्यांचा जोडीदार हातोडा घेऊन डब्यामागून डबा तपासत पुढे येत होता. टण्ण. टण्ण. दारासमोर आल्यावर आबांनी काच खाली ठेवली.

"घट्ट धरतोस," ते म्हणाले. "सैल धर. कानालाबी इचार, हातालाबी इचार. दोगं येकच सांगत असले, तरच फुडं हो."

"आन् दोगं येगळं बोलले तर, आबा?"

जोडीदार त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. आबांनी त्याचे ओठ पाहिले आणि पुन्हा काच उचलली.

"तर गाडी थांबीव."